जुना ट्रक पुन्हा जोडताना: कुठे आवळावे, कुठे थांबावे

जुना ट्रक नव्याने उभा करायला घेतला की पैसा आणि लक्ष इंजिन, पत्राकाम आणि रंग यांच्यावर खर्च होते. बोल्ट, नट, वायसर, रबरी गाद्या आणि क्लँप मात्र एका तेलकट डब्यात गोळा होतात आणि शेवटच्या दिवसांत ‘जो बसेल तो’ या हिशोबाने लावले जातात. त्याची फळे गाडी रस्त्यावर आल्यावर दिसू लागतात. समोरच्या काचेच्या कोपऱ्यापाशी पत्र्याला चीर जाते, रेडिएटर टाकीच्या सांध्यातून पाझरतो, दार खाली बसून कडीला घासते, पाटा बरोबर मध्यावर तुटतो. दोष पत्र्याला, रेडिएटरवाल्याला किंवा रस्त्याला दिला जातो. खरे कारण बहुतेक वेळा जोडणीत असते.

ट्रकवरचे जोड दोन जातींचे असतात. काही जोड दोन भागांना असे धरतात की त्यांच्यात केसभरही सरक होऊ नये. काही जोड दोन भाग एकत्र ठेवतात, पण त्यांना ठरावीक मर्यादेत हलू देतात. पहिल्या जातीचा जोड सैल राहिला तर तो स्वतः तुटतो. दुसऱ्या जातीचा जोड करकचून आवळला तर तो शेजारचा भाग तोडतो. हातातला बोल्ट यांपैकी कोणत्या जातीचा आहे, हे ओळखून तो बसवणे म्हणजेच योग्य पुनर्जोडणी.

चासी पिळवटते, आणि ती तशीच हवी

ट्रकची चासी शिडीसारखी असते. दोन लांब बाजूपट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे सदस्य. बाजूपट्टी इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराची, म्हणजे एका बाजूने उघडी असते. असा आकार उभ्या वजनाखाली वाकायला चांगलाच विरोध करतो, पण पिळाला फारसा विरोध करत नाही. एक चाक खड्ड्यात आणि समोरच्या कोपऱ्यातले चाक उंचवट्यावर गेले की चासी पिळवटते आणि चारही चाके जमिनीला धरून राहतात. ही चासीतली उणीव नव्हे, रचनेचा भाग आहे.

अडचण वर बसलेल्या भागांची असते. केबिन ही बंद पेटी आहे, तिला पीळ सोसत नाही. रेडिएटर पातळ पितळी पत्र्याचा आणि डाखकामाचा असतो, त्याला तर अजिबात सोसत नाही. म्हणून हे भाग चासीवर रबर, स्प्रिंग किंवा सैलसर खुंट्यांवर बसवलेले असतात. जुन्या गाडीचे रबर झिजून गेलेले असते, आणि आधीच्या कुणी तिथे लोखंडी वायसरांची थप्पी घालून ‘एकदाचे पक्के’ करून ठेवलेले असते. तेच पाहून तसेच परत जोडले, की चासीचा पीळ थेट केबिनच्या पत्र्यात शिरतो आणि सर्वांत कमजोर जागी, म्हणजे दार-काचेच्या कोपऱ्यात, बाहेर पडतो.

जोडणीची सुरुवात उघडताना होते

गाडी उघडतानाच पुढच्या जोडणीची नोंद करावी लागते. प्रत्येक जोडाचा फोटो दोन कोनांतून घ्यावा आणि भागांचा क्रम वरून खाली लिहून ठेवावा: बोल्टचे डोके, मोठा वायसर, वरची गादी, कंस, खालची गादी, वायसर, नट. काढलेला बोल्ट त्याच क्रमाने तारेत ओवून, चिठ्ठी लावून वेगळा ठेवावा. लांबी लिहावी, कारण एकाच कंसातले चार बोल्ट सारख्या लांबीचे असतीलच असे नाही. केबिन आणि कंस यांच्यामध्ये पातळ पत्र्याच्या पट्ट्या सापडल्या तर त्या भंगार समजू नयेत. दाराची फट सारखी यावी म्हणून त्या मोजून घातलेल्या असतात. कोणत्या कोपऱ्यात किती होत्या, हे लिहिले नाही तर पुढे दारे जुळवण्यात आठवडे जातात.

जुने भाग पुरावाही देतात. वायसरखाली लोखंड चकचकीत घासलेले दिसले तर तिथे जोड सरकत होता. रिव्हेटच्या डोक्याभोवती गेरूसारखी लाल रेघ ओघळली असेल तर रिव्हेट आतून हलते आहे. बोल्टच्या दांड्यावर एका बाजूला खाच पडली असेल तर तो कित्येक महिने सैल राहून कातरला जात होता. हे सगळे गंज काढण्याआधी पाहावे. वाळूचा मारा दिल्यानंतर पुरावा उरत नाही.

तीन देशांचे आटे

भारतातल्या जुन्या ट्रकच्या बाबतीत आट्यांचा प्रश्न विशेष नाजूक आहे, कारण आपल्या रस्त्यांवर तीन परंपरांच्या गाड्या एकाच काळात धावत होत्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक बाहेर पडत. ती अमेरिकी घडण होती. एन्नोरला १९४८ मध्ये सुरू झालेली अशोक मोटर्स १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली. तिची घडण ब्रिटिश होती. टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात १९५४ पासून डाइमलर-बेंझच्या सहकार्याने टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक बनू लागले. त्यांचे माप जर्मन, म्हणजे मेट्रिक.

जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेल्या ब्रिटिश आट्याचा कोन ५५ अंशांचा आहे. अमेरिकी आट्याचा कोन ६० अंशांचा. १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी मिळून युनिफाइड आटे ठरवले, तेही ६० अंशांचे. अनेक मापांत व्हिटवर्थ आणि युनिफाइड जाड आट्यांची दर इंची संख्या सारखीच आहे, त्यामुळे एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढतो आणि सगळे ठीक आहे असे वाटते. प्रत्यक्षात आट्याच्या बाजू एकमेकींना पूर्ण टेकलेल्या नसतात आणि भार अरुंद कडेवर येतो. अर्ध्या इंची मापात तर संख्याच वेगळी आहे, व्हिटवर्थमध्ये इंचाला १२ आणि युनिफाइडमध्ये १३. इथे नट थोडा फिरतो आणि अडकतो. मग लांब पाना लावून जोर केला की दोन्हींचे आटे जातात.

म्हणून आटेमापक पट्ट्या, म्हणजे दातेरी कडांच्या पात्यांचा गुच्छ, हातात असल्याशिवाय एकही बोल्ट बदलू नये. सोपा नियम असा: नट बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे. स्वच्छ, सरळ आट्यावर तो बोटांनी फिरत नसेल तर माप चुकीचे आहे किंवा आटा खराब आहे. दोन्ही परिस्थितींत पान्याचा जोर हे उत्तर नव्हे. डॉज आणि फार्गोवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. क्रायस्लर परिवारातल्या त्या काळच्या गाड्यांवर डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असत. तिथे नेहमीच्या दिशेने ‘सोडायला’ जोर लावणारा माणूस प्रत्यक्षात नट आवळत असतो आणि शेवटी स्टड तोडतो.

आट्याइतकीच महत्त्वाची बोल्टची प्रत. मेट्रिक बोल्टच्या डोक्यावर ८.८ असे आकडे असतील तर पहिला आकडा ताणशक्ती सांगतो, सुमारे ८०० मेगापास्कल. दुसरा सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ६४०पर्यंत, बोल्ट ताणला तरी पूर्ववत होतो. अमेरिकी बोल्टवर तीन रेघा म्हणजे एसएई प्रत ५, सहा रेघा म्हणजे प्रत ८. प्रत ५ ही ढोबळमानाने ८.८ च्या जवळची. डोके कोरे असलेला बाजारी बोल्ट हौद्याची फळी धरायला चालेल. पाटे, स्टिअरिंगचा डबा आणि ब्रेकचे भाग यांना तो कधीही लावू नये.

चमकतात आणि गंजत नाहीत म्हणून स्टेनलेस बोल्ट सगळीकडे लावण्याचा मोहही टाळावा. नेहमीच्या ए२-७० प्रतीची ताकद ८.८ पेक्षा कमी असते आणि त्याचे आटे आवळताना एकमेकांत चिकटून बसतात. १०.९ किंवा त्यावरच्या प्रतीचे बोल्ट साध्या दुकानात आम्लात बुडवून जस्ताचा मुलामा द्यायला देऊ नयेत. त्या क्रियेत हायड्रोजन पोलादात शिरतो. नंतर भट्टीत नीट तापवून तो बाहेर काढला नाही तर आवळून ठेवलेला बोल्ट काही तासांनी किंवा दिवसांनी आपोआप तडकतो.

बोल्ट ही ताणलेली स्प्रिंग आहे

घट्ट जोडात बोल्टचा दांडा आडवा अडसर म्हणून काम करतो, असा समज सर्रास आहे. खरे काम ताण करतो. नट आवळला की बोल्ट किंचित लांबतो आणि परत आखूड होण्याच्या ओढीने दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर दाबून धरतो. पृष्ठभागांमधले घर्षण भार पेलते. १२ मिलिमीटरचा ८.८ प्रतीचा बोल्ट नीट आवळला तर तो सुमारे ४ टनांच्या ओढीने पकडतो. त्या वेळी ४० मिलिमीटर जाडीच्या जोडात तो लांबतो किती? मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. सगळी पकड या दहाव्या भागावर उभी आहे.

आता याच जोडाच्या पृष्ठभागांवर जाड रंग किंवा पावडर कोटिंग आहे असे धरा. एका थराची जाडी ८० मायक्रॉन मानली आणि वायसर, कंस, चासी मिळून सहा पृष्ठभाग धरले, तर जवळजवळ अर्धा मिलिमीटर रंग जोडात दबलेला आहे. बोल्टच्या लांबण्याच्या पाचपट! इंजिनच्या उष्णतेने आणि धक्क्यांनी हा थर पाचवा हिस्सा जरी बसला तरी ताण संपला. दिसायला सुंदर चासीवरचे बोल्ट दोन महिन्यांत सैल का होतात, याचे हे कारण. घट्ट जोडाच्या टेकणाऱ्या जागा रंगाआधी चिकटपट्टी लावून झाकाव्यात, तिथे फक्त पातळ प्रायमर असावा, आणि गंज अडवण्यासाठी मेणयुक्त द्रव जोडणी झाल्यावर बाहेरून फवारावा.

ताण मोजण्याचे गॅरेजमधले साधन टॉर्क रेंच. १२ मिलिमीटरच्या ८.८ बोल्टला सुमारे ८० न्यूटन-मीटर हा साधारण आकडा आहे, पण गाडीच्या पुस्तिकेतला आकडा मिळाला तर तोच पाळावा. जुन्या पुस्तिकांत तो किलोग्रॅम-मीटर किंवा फूट-पाउंडमध्ये असतो. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ आणि १ फूट-पाउंड म्हणजे १.३६ न्यूटन-मीटर. लावलेल्या जोरापैकी जवळपास ९० टक्के डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो, ताणाच्या वाट्याला उरलेले १० टक्के येतात. म्हणून घर्षण बदलले की हिशोब बदलतो. कोरड्या आट्यासाठी दिलेला आकडा ग्रीस लावलेल्या आट्यावर वापरला तर बोल्ट गरजेपेक्षा बराच जास्त ताणला जातो. गंजलेल्या आट्यावर तोच आकडा गाठला तर रेंच टकटकते, पण पकड आलेली नसते.

रबराचे जोड

केबिन आणि इंजिन यांच्या फाउंडेशनचे, म्हणजे त्यांना चासीवर धरणाऱ्या रबरी जोडांचे, तंत्र वेगळे आहे. रबरी गाद्यांच्या मधोमध बहुधा एक लोखंडी नळी असते. गादी किती दाबली जावी, हे ती नळी ठरवते. नट आवळत गेलो की वायसर नळीला टेकतो. बोल्टचा ताण नळी घेते आणि रबर ठरल्याइतकेच दबून राहते. गंजून मोडलेली नळी फेकून दिली आणि नवी बनवली नाही, तर नट आवळेल तितके रबर चिरडत जाते. मग ते गादी म्हणून काम करत नाही, आणि कधीतरी फाटते. नळी दुसऱ्या बाजूच्या शाबूत नळीवरून मोजून खराद्याकडून करून घ्यावी. नवी गादी आणि जुन्या मापाची नळी यांचा मेळ बसतो का, हे हातात धरून तपासावे.

जुन्या टायरचे तुकडे कापून गादीच्या जागी घालण्याची पद्धत सोयीची खरी, पण टायरमध्ये दोऱ्याचे थर असतात आणि ते गादीसारखे दबत नाहीत. फाउंडेशनचे रबर साधारणपणे शोअर-ए मापात ४० ते ७० या टप्प्यात असते. जुन्या शाबूत नमुन्याशी मऊपणा जुळवून रबर घ्यावे. नैसर्गिक रबर तेलाने फुगते आणि सडते, म्हणून बसवताना ग्रीस लावू नये, साबणाचे पाणी पुरते. इंजिन गळत असेल तर आधी गळती थांबवावी, मग नवे फाउंडेशन लावावे.

इंजिन रबरावर तरंगते म्हणजे ते विजेच्या दृष्टीनेही चासीपासून तुटते. त्यांना जोडणारी तांब्याची विणलेली अर्थिंगची पट्टी जोडणीत हमखास विसरली जाते. ती नसेल तर स्टार्टरचा प्रवाह अॅक्सिलरेटरच्या केबलमधून किंवा गिअरच्या दांड्यांमधून वाट काढतो. पट्टीच्या दोन्ही टोकांखालचा रंग खरवडून उघडे लोखंड करावे.

केबिन बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने दोन-चार आटे चढवावेत. एकही पूर्ण आवळू नये. मग दारे लावून फटी पाहाव्यात, गरज तिथे पत्र्याच्या पट्ट्या घालाव्यात, आणि त्यानंतरच थोडे थोडे करत सर्व कोपरे आवळावेत. एक कोपरा आधीच घट्ट केला की उरलेली छिद्रे जुळत नाहीत, मग पहारीने ओढून बोल्ट घातला जातो आणि केबिन कायमची तिरकी ताणलेली राहते.

पाटे आणि यू-बोल्ट

पाटे आणि आस यांना धरणारे यू-बोल्ट हे ट्रकवरचे सर्वांत कष्टाळू घट्ट जोड आहेत. ते जुने परत लावू नयेत. एकदा भरपूर ताणलेला यू-बोल्ट लांबलेला असतो आणि त्याचे आटे बिघडलेले असतात. नवे यू-बोल्ट आणि नवे नट ही या कामातली काटकसर न करण्याची जागा आहे.

पाट्यांच्या गठ्ठ्यातून जाणाऱ्या सेंटर बोल्टचे डोके आसेवरच्या खाचेत नेमके बसले पाहिजे. ते कडेवर राहिले तर आस तिरकी बसते आणि ट्रक रस्त्यावर एका अंगाने चालतो. मात्र सेंटर बोल्टचे काम जागा दाखवण्याचे आहे, भार पेलण्याचे नाही. भार यू-बोल्टच्या दाबाने पेलला जातो. यू-बोल्ट सैल झाले की पाटे मध्यावर हलू लागतात, सेंटर बोल्ट कातरला जातो, किंवा पाटा त्याच्या छिद्रातून तुटतो. मध्यावर तुटलेला पाटा दिसला की नवा पाटा आणण्याआधी यू-बोल्टकडे पाहावे.

चार नट आवळताना तबला लावणाऱ्या माणसासारखे काम करावे: एका बाजूला थोडे, मग समोरच्या बाजूला थोडे, पुन्हा फेरी. ठरलेल्या टॉर्कच्या एक तृतीयांशावर पहिली फेरी, दोन तृतीयांशांवर दुसरी, पूर्ण आकड्यावर तिसरी. पाट्याच्या टोकांना रबरी बुश असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून, पूर्ण वजन आल्यावरच आवळावेत. चाके लटकलेली असताना आवळले तर गाडी खाली येताच बुश पिळले जातात आणि लवकर फाटतात. पितळी बुश आणि ग्रीसच्या पिना असतील तर पिनेचे ग्रीस निपल हात पोचेल अशा दिशेला ठेवावे. ग्रीसगन पोचत नसेल तर पुढे तिथे कुणी ग्रीस भरणार नाही.

हौदा

आपल्याकडे कारखान्यातून बहुधा उघडी चासी यायची आणि केबिन-हौदा बॉडीबिल्डर बांधायचा. त्यामुळे हौदा कसा बसवायचा याची पुस्तिका मिळेलच असे नाही, पण तत्त्वे ठरलेली आहेत. चासीच्या बाजूपट्टीच्या वरच्या किंवा खालच्या पाखावर छिद्र पाडू नये, कारण वाकण्याचा सर्वांत मोठा ताण तिथेच असतो. हौद्याच्या लांब तुळया यू-क्लँपने धरताना चासीच्या उघड्या पोकळीत टणक लाकडाचा ठोकळा ठोकून बसवावा. तो नसेल तर क्लँप आवळताना पाखे आत वाकतात. मागच्या बाजूला हौदा घट्ट, आणि पुढे केबिनच्या पाठीमागे रबर किंवा स्प्रिंगवर, हीच मांडणी चासीला पिळायची मोकळीक देते. पुढची टोकेही लोखंडाला लोखंड भिडवून आवळली तर केबिनच्या मागे, तुळईचे टोक संपते तिथे, चासीला भेग पडण्याचा धोका असतो.

चासीचे हलणारे रिव्हेट वेल्डिंगने भरून टाकू नयेत. पोलादाला दिलेले उष्णतेचे संस्कार वेल्डिंगच्या आचेने बिघडतात. भोक रीमरने गोल आणि नेमके करून त्यात ठासून बसणारा, अखंड दांड्याचा उच्च प्रतीचा बोल्ट लावणे हा खात्रीचा मार्ग आहे.

नट सुटू नये म्हणून

फिरणाऱ्या आणि धोक्याच्या जागी खाचा असलेला नट आणि स्प्लिट पिन असते. ठरलेल्या टॉर्कवर छिद्र जुळले नाही तर नट पुढे आवळून जुळवावा, मागे सोडून नव्हे. पिन दरवेळी नवी घालावी. नायलॉनच्या कड्याचे नट एकदाच वापरावेत आणि एक्झॉस्टजवळ लावू नयेत, कारण उष्णतेने नायलॉन मऊ होते. स्प्रिंग वायसर हा सैल जोडावरचा इलाज नव्हे. जोडात ताण नसेल तर तो सुटणे थांबवू शकत नाही. बोल्ट उभा असेल तर डोके वर ठेवावे, म्हणजे नट गळून पडला तरी बोल्ट जागेवर राहील. बोल्टचे शेपूट ब्रेकच्या नळीला किंवा फिरणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला घासत नाही ना, हे स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून आणि पाटे दबलेले असताना तपासावे.

सगळे जुळल्यावर प्रत्येक घट्ट बोल्टच्या नटावरून शेजारच्या लोखंडावर जाणारी रंगाची एक रेघ ओढावी. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट, हौद्याचे क्लँप, स्टिअरिंगचा डबा आणि चाके यांवर पुन्हा रेंच फिरवावी, कारण नवा जोड पहिल्या धावेत थोडा बसतोच. रबरावरचे जोड मात्र ‘सैल वाटतात’ म्हणून जास्त आवळू नयेत. नळीला टेकलेला वायसर हीच त्यांची मर्यादा.

जोडणीच्या नोंदींची एक वही करा. त्यात प्रत्येक जोडाचा क्रम, आट्याचे माप, बोल्टची प्रत, टॉर्कचा आकडा आणि पुन्हा आवळल्याची तारीख लिहा. अशा ट्रकांचे जाणते मिस्त्री कमी होत चालले आहेत आणि त्यांचे बहुतेक ज्ञान कुठेही लिहिलेले नाही. त्यांच्या शेजारी बसून विचारा आणि लिहून घ्या. ट्रक विकला तर ती वही कागदपत्रांसोबत नव्या मालकाच्या हातात द्या.